'पुष्पक'चे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे

देशातील फ्लाइंग क्लबांमध्ये अनेक वर्षे नवशिक्या व हौशी वैमानिकांनी ज्या लहानशा दोन आसनी विमानातून उड्डाणाचे धडे गिरविले, त्या 'पुष्पक'च्या आरेखनाचे नेतृत्व कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केले होते.

घाटगे यांचा जन्म 1908 मध्ये गडहिंग्लजजवळील हसूरचंपू येथे झाला. वायुगतिशास्त्राच्या अभ्यासासाठी ते जर्मनीत गेले. गॉटिंगेन येथे विख्यात शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली 1936 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

डिसेंबर 1940 मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली आणि घाटगे तेथे दाखल झाले. त्यांनी आखलेले दहा आसनी ग्लायडर 1941 मध्ये तयार झाले, पण तो एकच नमुना राहिला. महायुद्धाच्या धामधुमीत कारखान्याकडे दोस्त राष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती आली आणि नवनिर्मिती मागे पडली. आरेखनकाराला हा काळ जड गेला असेल. मात्र 1942 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकी विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत घाटगे अग्रभागी होते.

स्वातंत्र्यानंतर त्यांना संधी मिळाली. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या 'एचटी-2' या दोन आसनी प्रशिक्षण विमानाने ऑगस्ट 1951 मध्ये पहिले उड्डाण केले. हवाई दलात त्याने ब्रिटिश 'टायगर मॉथ'ची जागा घेतली. पुढे घानाच्या हवाई दलानेही ही विमाने घेतली.

'पुष्पक' 28 सप्टेंबर 1958 रोजी प्रथम आकाशात झेपावले. शेजारीशेजारी दोन आसने, डोक्यावरून जाणारे पंख, 90 अश्वशक्तीचे इंजिन, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड, अशी त्याची साधी रचना होती. परदेशांत घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचे विमान बांधणारे हौशी लोकही हीच पद्धत वापरीत. कापड फाटले तर क्लबचा मिस्त्री ठिगळ लावू शके, ही मोठीच सोय होती. अमेरिकेच्या 'एरोन्का' विमानाशी त्याचे साम्य उघड होते, परंतु त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. क्लबांना हवे होते ते देशातच बनणारे व सहज दुरुस्त होणारे विमान. अशी दीडशेच्या आसपास 'पुष्पक' विमाने तयार झाली.

त्यानंतर 'कृषक' आले आणि 1964 मध्ये 'किरण' या जेट प्रशिक्षण विमानाने उड्डाण केले. 1965 मध्ये घाटगे यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. 1991 मध्ये त्यांचे निधन झाले. बंगळूर येथील एका सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.