ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी : श्रीसंत निवृत्तिनाथ

पौष वद्य एकादशी समीप आली की नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा मार्ग भगव्या पताकांनी आणि टाळमृदंगाच्या नादाने भरून जातो. खानदेश, मराठवाडा, अहिल्यानगर या भागांतून पायी आलेल्या दिंड्या कडाक्याच्या थंडीत कुशावर्तावर स्नान करतात, त्र्यंबकराजाचे दर्शन घेतात आणि श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधीपुढे लोटांगण घालतात. ज्योतिर्लिंगाच्या या शिवक्षेत्रात विठ्ठलनामाचा एवढा गजर कसा, असा प्रश्न नवख्या यात्रेकरूला पडतो. त्याचे उत्तर नाथांच्या चरित्रात आहे, आणि यात्रेच्या निमित्ताने तेच चरित्र आम्ही भाविक वाचकांपुढे ठेवीत आहोत.

समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२५० फूट उंचीच्या ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींच्या तपाने गोदावरी अवतरली, अशी पुराणकथा आहे. शिखरावरचा तो उगम अगदी बारीक. तेथे दिसलेले जल गुप्त होते, गंगाद्वारी पुन्हा प्रकटते आणि पुढे कुशावर्तात स्थिरावते. याच पर्वताच्या कुशीत महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेचाही उगम झाला, आणि तोही असाच गुप्त रीतीने.

निवृत्तिनाथांचा जन्म परंपरेने शके ११९५, म्हणजे इ. स. १२७३ च्या सुमाराचा मानला जातो. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा गुरूंच्या आज्ञेने गृहस्थाश्रमात आले, म्हणून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चारही भावंडे त्या बहिष्कारातच वाढली. मुलांच्या मुंजी कोणी लावीनात. तेव्हा विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई मुलांना घेऊन त्र्यंबकक्षेत्री आले आणि ब्रह्मगिरीची नित्य प्रदक्षिणा करू लागले.

अशाच एका रात्री प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ आडवा आला, असे चरित्रकार सांगतात. कुटुंबाची पांगापांग झाली आणि बालवयातील निवृत्ती अंधारात वाट चुकून एका गुहेत शिरला. तेथे श्रीगहिनीनाथ तप करीत होते. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ अशी चालत आलेली नाथपंथाची विद्या त्या गुहेत या बालकाच्या हाती आली. गहिनीनाथांनी योगाच्या जोडीला श्रीकृष्णभक्तीही दिली. शैव योग आणि वैष्णव भक्ती यांचा संगम त्या क्षणी झाला. नवख्या यात्रेकरूच्या प्रश्नाचे उत्तर हेच. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका शिवाच्या दारी परकी नाही, कारण तिची दीक्षा याच पर्वतावर झाली आहे.

यथाकाल आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि चार लेकरांचा भार थोरल्यावर पडला. घर नाही, गोत नाही, गावात कोणी उभे करीत नाही, अशा अवस्थेत निवृत्तिनाथ धाकट्यांचे आईबापही झाले आणि गुरूही झाले. गहिनीनाथांकडून मिळालेले धन त्यांनी ज्ञानदेवांच्या ओटीत घातले. ते दोन वर्षांनी धाकटे. भावाला गुरू मानणे ज्ञानदेवांना जड गेले नाही, आणि शिष्याचे तेज आपल्यापुढे जात आहे हे पाहताना निवृत्तिनाथांचे मन कधी खंतावले नाही. आम्हांला या चरित्रातील हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. एकाच घरात दोन भावांपैकी धाकट्याची कीर्ती वाढली की काय होते, हे संसारी माणसाला सांगावे लागत नाही.

गीतेचा अर्थ देशी भाषेत सर्वांसाठी उघडा करण्याची आज्ञा निवृत्तिनाथांची. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा गुरूंचे वय सतरा आणि शिष्याचे पंधरा. त्या ग्रंथात ज्ञानदेव पुनःपुन्हा गुरुस्तवनात रंगून जातात, आणि शेवटी ग्रंथाचे सारे श्रेय गुरुपरंपरेच्या चरणी वाहतात. पुढे अमृतानुभवही निवृत्तिनाथांच्याच प्रेरणेने झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. स्वतः नाथांनी हरिपाठ आणि अभंग रचले, परंतु लोकांच्या ओठी नाव राहिले ते ज्ञानोबा माउलीचे. नाथांना तेच हवे होते, असे त्यांचे सारे वर्तन सांगते.

मग शके १२१८ चा कार्तिक आला. आळंदीत ज्ञानदेवांनी समाधीचा निश्चय केला. नामदेवरायांनी अभंगांतून वर्णिलेला हा सोहळा कीर्तनात सांगताना आजही आमचा कंठ दाटतो. ज्ञानदेवांचा हात धरून त्यांना समाधिस्थानी नेणारे निवृत्तिनाथ, आणि बाहेर येऊन शिळा लावणारेही तेच. ज्यांचे नावच निवृत्ती, ज्यांनी शिष्याला देहाचे नश्वरत्व शिकविले, ते त्या वेळी आवरेनासे रडले, असे नामदेवराय सांगतात. आम्हांला यात उणेपणा दिसत नाही. आईवडिलांमागे ज्याला उराशी धरून वाढविले, त्याच्यासाठी ते अश्रू होते.

त्यानंतर सासवडला कऱ्हेकाठी सोपानदेव समाधिस्थ झाले. पुढे तापीतीरी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. वर्षाच्या आत तिन्ही धाकटी भावंडे गेली आणि थोरला एकटा उरला. घरातील मोठ्याने पुढे जावे आणि धाकट्यांनी त्याला पोहोचवावे, ही जगाची रीत. येथे ती उलटी झाली. तरीही सर्वांना निरोप देईपर्यंत निवृत्तिनाथ थांबले. वडीलपणाचे हे अखेरचे कर्तव्य होते.

ते पार पडल्यावर त्यांची पावले त्र्यंबकाकडे वळली. भ्यालेल्या बालकाला ज्या पर्वताने एके रात्री आसरा दिला, त्याच्याच पायथ्याशी शके १२१९ च्या ज्येष्ठ वद्य पक्षात, इ. स. १२९७ मध्ये, त्यांनी समाधी घेतली. आयुष्य अवघे चोवीस वर्षांचे.

आज ज्येष्ठात नाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर या मार्गाने आषाढी वारीला पंढरपूरला जाते, आणि पौषात सारा महाराष्ट्र त्यांच्या दाराशी येतो. यंदा जे भाविक यात्रेला जातील त्यांनी गंगाद्वाराच्या पायऱ्या अवश्य चढाव्यात, गोरक्षनाथांच्या गुहेपुढे क्षणभर बसावे, आणि उतरल्यावर समाधीवर मस्तक ठेवावे. ज्या घरी थोरल्या भावाने किंवा बहिणीने धाकट्यांसाठी आपले शिक्षण, आपली हौस मागे ठेवली असेल, त्या घराने तर सहकुटुंब जावे.

दिंडीत चारही भावंडांचा नामघोष होतो तेव्हा निवृत्तीचे नाव आरंभी येते आणि ज्ञानदेवाचे त्यामागून. स्वतः मागे राहिलेल्या या थोरल्याला त्याचे पहिले स्थान संप्रदायाने सातशेहून अधिक वर्षे असे जपून दिले आहे.