वीणाधारी नादयोगी मुत्तुस्वामी दीक्षितर

आज नरकचतुर्दशी. पहाटेच्या अंधारात उटण्याचा सुगंध दरवळतो, अभ्यंगस्नाने होतात, देवघरात निरांजन तेवू लागते. महाराष्ट्रात हा दीपोत्सवातील एक दिवस. तामिळ देशात मात्र हीच मुख्य दीपावली. १८३५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २१ तारखेस, याच पर्वणीच्या दिवशी, दक्षिणेतील एट्टयपुरम् या लहानशा संस्थानी गावी एका वीणाधारी सत्पुरुषाने देह ठेवला. मुत्तुस्वामी दीक्षितर हे त्यांचे नाव. त्यागराज आणि श्यामाशास्त्री यांच्यासमवेत कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींमध्ये त्यांची गणना होते. त्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने या चरित्राचे चिंतन करावे, हे दीपावलीला शोभणारेच होय.

दीक्षितरांचा जन्म कावेरीच्या सुपीक प्रदेशातील तिरुवारूर या क्षेत्री, शके १६९७ (१७७५-७६) मधील मन्मथ संवत्सरात, कृत्तिका नक्षत्रावर झाला. योगायोग असा की त्रिमूर्तींतील उरलेल्या दोघांची जन्मभूमीही हेच क्षेत्र. येथे शिव ‘त्यागराज’ या नावाने आणि जगदंबा ‘कमलांबा’ या नावाने नांदते. पिता रामस्वामी दीक्षितर हे स्वतः थोर संगीतज्ञ. आपल्याकडे मैफलीत आणि भक्तिगीतात सदैव कानी पडणारा हंसध्वनी राग ही त्यांचीच निर्मिती मानली जाते. बराच काळ अपत्य नसल्याने त्यांनी वैदीश्वरन् कोविल येथील मुत्तुकुमारस्वामीची, म्हणजे कार्तिकेयाची आराधना केली. त्या उपासनेचे फळ म्हणून लाभलेल्या पुत्रास त्यांनी त्या देवाचेच नाव ठेवले.

पुढे मणली येथील मुदलियार या धनिक रसिकाच्या आश्रयाने हे कुटुंब मद्रासजवळ राहावयास गेले. तेथे या बालकाचे वेद, काव्य, व्याकरण आणि गायन-वीणावादन यांचे अध्ययन पित्याच्या करडय़ा दृष्टीखाली झाले. मद्रासच्या किल्ल्यातील इंग्रजी बँडचे सूरही तेथे कानी पडत. त्या परकीय चालींवर दीक्षितरांनी संस्कृत देवतास्तुती रचल्या. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी तर इंग्रजी व्हायोलिन शिकले आणि त्यांनी ते वाद्य दक्षिणेच्या संगीतात आणले. जे चांगले असेल ते देवाच्या पायाशी नेऊन ठेवावे, ही या घराची वृत्तीच होती.

गंगेने दिलेली वीणा

याच सुमारास चिदंबरनाथ नावाचे एक योगी मणलीस आले. त्यांनी या तरुणास आपल्याबरोबर काशीस नेण्याची इच्छा व्यक्त केली. बहुत नवसांनी झालेला पुत्र दूरदेशी पाठवावयाचा, या विचाराने पित्याचे हृदय कासावीस झाले. तथापि अखेर त्यांनी संमती दिली. काशीतील काही वर्षांत दीक्षितरांनी श्रीविद्येची उपासना केली, वेदान्ताचे श्रवण केले आणि उत्तरेकडील धृपद गायकीचे मर्मही आत्मसात केले.

काशीतील एक आख्यायिका दक्षिणेत घरोघर सांगितली जाते. गुरूंनी एके दिवशी शिष्यास गंगेच्या प्रवाहात उतरून हात पुढे करण्यास सांगितले. त्याने तसे करताच त्याच्या हाती एक वीणा आली. तिच्या दांडीच्या टोकावरील व्याघ्रसदृश व्यालीचे मुख नेहमीप्रमाणे खाली वळलेले नसून ऊर्ध्वमुख होते आणि तिजवर नागरी अक्षरांत रामनाम कोरलेले होते. त्यानंतर लवकरच गुरूंनी गंगेच्या जळातच देह विसर्जित केला, असे परंपरा सांगते. गुरू गेले आणि वीणा राहिली. पुढील सारे आयुष्य त्या वीणेच्या सहवासात गेले.

दक्षिणेची ही सरस्वती वीणा आपल्या वारकऱ्यांच्या गळ्यातील वीणेहून निराळी. फणसाच्या लाकडातून तिचा भोपळा आणि दांडी कोरून काढतात. दांडीवर मेणात बसविलेले २४ पितळी पडदे असतात. चार तारा वादनाच्या आणि तीन तारा बाजूला, ताल व स्वर धरण्यासाठी. पडदे अचल असल्यामुळे दोन स्वरांमधील सूक्ष्म श्रुती दाखविण्यासाठी वादकास तार पडद्यावरच आडवी ओढावी लागते. एका पडद्यावरून तीन-चार स्वरांचे आंदोलन निघते. त्यास गमक म्हणतात. असे गमक घाईने निघत नाही. बोटाला वेळ द्यावा लागतो आणि तारेच्या मनात शिरावे लागते.

दीक्षितरांच्या कृती का इतक्या संथ आणि गंभीर आहेत, याचे उत्तर या वीणेत आहे. हत्तीने देवळाच्या प्रदक्षिणामार्गाने सावकाश चालावे तशी त्यांची रचना चालते. शेवटी काही चरण दुप्पट गतीने येतात आणि मग पुन्हा मूळ विलंबित लय प्रस्थापित होते. काशीच्या धृपदाची धीरगंभीरता आणि वीणेचे गमक यांचा हा संगम होय. उत्तरेतील यमन, जयजयवंती, वृंदावनी सारंग या रागांची छटाही त्यांच्या रचनांतून आढळते.

विभक्तींची पूजा

काशीहून परतल्यावर ते तिरुत्तणी येथील सुब्रह्मण्याच्या दर्शनास गेले. तेथे एका वृद्धाने येऊन त्यांच्या मुखात खडीसाखर घातली आणि तो अंतर्धान पावला. त्याच क्षणी पहिली कृती मायामाळवगौळ रागात स्फुरली, अशी श्रद्धा आहे. या रागात संगीताचे पहिले पाठ शिकवितात. महाविद्वानानेही आरंभ बालपाठाच्या रागापासूनच केला, ही गोष्ट मननीय आहे. त्या दिवसापासून त्यांनी ‘गुरुगुह’ ही मुद्रा धारण केली. गुह म्हणजे कार्तिकेय, हृदयरूपी गुहेत वसणारा आत्माही गुहच, आणि तोच गुरू. एका शब्दात उपास्य, गुरू आणि आत्मा यांचे ऐक्य साधले.

त्यांची बहुतेक रचना संस्कृतात आहे. तिचे व्याकरणही पूजेचे अंग झालेले दिसते. तिरुवारूरच्या कमलांबेवर त्यांनी नवावरण कृती रचल्या: आरंभी ध्यान, मग श्रीचक्राच्या नऊ आवरणांच्या नऊ कृती आणि अखेरीस मंगल, अशा एकूण ११. या आवरणांमधून प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठही विभक्ती क्रमाने येतात आणि नवव्या कृतीत साऱ्या एकत्र होतात. देवी कर्ता आहे, देवीला नमावे, देवीने तारावे, देवीसाठी जगावे, देवीपासून हे जग झाले, देवीचे आपण आहोत, देवीत लीन व्हावे, हे देवी, धाव. शाळेत जो विभक्तीचा तक्ता मुले घोकतात, तोच येथे भक्ताच्या देवीशी असलेल्या सर्व नात्यांचा पट होतो. नवरात्रात आजही या कृती अनुक्रमे गाइल्या जातात.

इतके शास्त्र अंगी असूनही त्यांचे द्वार शास्त्र्यांपुरते नव्हते. त्यांच्या शिष्यांत मंदिरातील नर्तकी कमलम् होती, नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू होते, तिरुवारूरच्या देवळात शुद्ध मद्दळ वाजविणारा तंबियप्पन होता. या तंबियप्पनास पोटशूळाची असह्य व्यथा जडली. गुरुग्रहाची पीडा आहे, असे दीक्षितरांना त्याच्या पत्रिकेवरून दिसले. ग्रहशांतीचा मंत्रजप त्या काळच्या रूढीनुसार त्यास सांगता येत नव्हता. तेव्हा दीक्षितरांनी अठाणा रागात बृहस्पतीची कृती रचली आणि ती त्यास शिकविली. ती गाऊन त्याची व्यथा शमली, असे सांगतात. पुढे रविवारापासून शनिवारापर्यंत वारांच्या सातही ग्रहांवर कृती झाल्या. आख्यायिकेतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला तरी तिचे मर्म हरवत नाही. मंत्राचे कुलूप ज्याच्यासाठी उघडत नव्हते, त्याच्यासाठी त्यांनी गीताचे दार उघडले. कीर्तनाच्या वाळवंटात उभे राहणाऱ्या आम्हा मराठी जनांस ही भाषा चांगली कळते.

घरची लक्ष्मी

या चरित्रात दीपावलीला विशेष साजेसा एक प्रसंग आहे, आणि त्याचा धागा आपल्या मराठी राज्यकुळाशी जुळतो. व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या तंजावरच्या गादीवर तेव्हा दुसरे सरफोजीराजे होते. ग्रंथ, वैद्यक, संगीत आणि नृत्य यांचे ते मोठे चाहते. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा मराठी इतिहास शिळेवर कोरविणारे आणि सरस्वती महाल हे ग्रंथालय समृद्ध करणारे ते हेच. विद्वानास त्यांच्या दरबारी मान आणि धन दोन्ही लाभत.

दीक्षितरांच्या घरी मात्र दारिद्र्य होते. सणासुदीला चारचौघींत मिरवावे असा एखादा दागिना आपल्याही अंगावर असावा, असे त्यांच्या पत्नीस वाटे. राजांच्या दर्शनास एकदा जाऊन यावे, अशी सूचना कोणी केली. या मागणीत अनुचित काही नव्हते. घराचा गाडा ओढणाऱ्या स्त्रीची ती साधी इच्छा होती. मागण्याचे स्थानही वाईट नव्हते. राजा गुणग्राही होता. परंतु मनुष्याची स्तुती करण्यासाठी आपली वीणा हाती घ्यावयाची नाही, हा दीक्षितरांचा निश्चय होता. त्यांनी पत्नीस दूषण दिले नाही. ललित रागात सुवर्णमयी लक्ष्मीची कृती रचून त्यांनी ती वीणेवर गाइली. आख्यायिका पुढे सांगते की, त्या रात्री पत्नीच्या स्वप्नात सालंकृत लक्ष्मी आली आणि तिने त्या माउलीस सुवर्णाने मढवून टाकले. जागी झाली तेव्हा तिच्या मनात दागिन्याची इच्छाच उरली नव्हती.

ही कथा सांगताना पतीच्या वैराग्याचे आपण कौतुक करतो; पण त्या माउलीचा त्याग आपण विसरतो. व्रत त्यांचे होते, त्याची झळ मात्र दोघांनाही लागली. रित्या डब्यांकडे पाहत तिने संसार चालविला म्हणून ती वीणा देवाघरचीच राहू शकली. आज सायंकाळच्या दिव्याला नमस्कार करताना त्या अनाम गृहिणीचेही स्मरण व्हावे.

दीक्षितर पुढे तंजावरास राहिले, ते विद्यादानासाठी. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू त्यांचे शिष्य झाले. तंजावरचे चतुष्टय म्हणून ते प्रसिद्ध आहेत. आज भरतनाट्यम् म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या नृत्याचा कार्यक्रम त्यांनीच क्रमबद्ध केला. गुरूंची स्तुती करणाऱ्या नऊ रचनाही त्यांनी केल्या. जो मान दीक्षितरांनी दरबारात मागितला नाही, तो शिष्यांच्या मुखातून त्यांच्याकडे चालत आला.

अखेरची दीपावली

उत्तरायुष्यात कुटुंबाची पांगापांग झाली. धाकटे बंधू दक्षिणेकडे निघून गेले होते. त्यांतील चिन्नस्वामींचे निधन झाले. शोकाकुल दीक्षितर मदुरेस आले. तेथे त्यांनी मीनाक्षीवर कृती रचल्या. बालुस्वामी एट्टयपुरम् संस्थानात विद्वान म्हणून सन्मानाने राहत आहेत असे कळताच ते तिकडे निघाले. वाटेतील प्रदेश अवर्षणाने करपलेला होता. ते पाहून त्यांनी अमृतवर्षिणी रागात देवीची करुणा भाकली आणि पर्जन्यवृष्टी झाली, अशी आठवण त्या भागात भक्तिभावाने जपली जाते.

एट्टयपुरम् येथेच शके १७५७ ची नरकचतुर्दशी उजाडली. पूजा आटोपली. शिष्यांनी गमकक्रिया रागातील मीनाक्षीची कृती आरंभिली. भवपाशातून सोडविण्याची प्रार्थना तीत आहे. ती ऐकता ऐकता दीक्षितरांनी प्राण सोडला. साठ संवत्सरांचे चक्र फिरून पुन्हा मन्मथ संवत्सरच आले होते. ज्या नावाच्या संवत्सरात जन्म, त्याच नावाच्या संवत्सरात निर्वाण. तेथील त्यांच्या समाधीवर आजही संगीतोपासक माथा टेकतात.

त्यांनी धन साठविले नाही, ग्रंथही छापला नाही. सारे शिष्यांच्या कंठात आणि घरच्या वीणेत होते. कंठ थकतात, तारा तुटतात. ते सारे लोपण्याचा संभव होता. ते राखले बालुस्वामींचे दत्तक नातू सुब्बराम दीक्षितर यांनी. त्यांचा जन्म १८३९ सालचा, म्हणजे दीक्षितरांच्या निर्वाणानंतर चार वर्षांनी. घराण्याची ही ठेव उघड करण्यास ते आरंभी नाखूश होते; पण अखेर मन वळले आणि १९०४ साली एट्टयपुरम् येथे ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा महाग्रंथ तेलुगू लिपीत छापून निघाला. तीत दीक्षितरांच्या दोनशेहून अधिक कृती गमकांच्या चिन्हांसह आहेत. तार कुठे ओढावी, कुठे थांबावे, हेही वाचणाऱ्यास कळावे, इतकी काळजी त्यांनी घेतली.

त्याच १९०४ साली मुंबईचे पंडित विष्णू नारायण भातखंडे दक्षिणयात्रेस निघाले आणि एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितरांना भेटले. व्यंकटमखीच्या ७२ मेळांची जी परंपरा त्या घराने जतन केली होती, तिचा परिचय त्यांना तेथे झाला. पुढे हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत व्यवस्था लावताना हा विचार त्यांच्यापुढे होता. आपल्या घरातील मूल पेटीवर थाट शिकते, तेव्हा त्या विद्येचा एक झरा त्या दूरच्या गावाकडून आलेला असतो.

लक्ष्मी चंचल आहे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. जी घरात कोंडून ठेवली ती निघून जाते. जी देवाला वाहिली आणि जनांना वाटली ती टिकते. दीक्षितरांनी आपली विद्या देवाला वाहिली, नर्तकीला दिली, मद्दळवाल्याला दिली, आणि ती आजही नांदते आहे. आज घरातील दिवे लावून झाल्यावर, कोपऱ्यात खोळीत ठेवलेला तंबोरा असेल, पेटी असेल, आजोबांची वीणा असेल, तर ती बाहेर काढावी, पुसावी, तिला हळदकुंकू वाहावे आणि घरातील लहानग्यांस जवळ बसवून एक तरी स्वर लावावा. त्या नादयोग्याची पुण्यतिथी याहून अधिक चांगली कोणती साजरी होणार?