ज्ञानेश्वरकन्येची वाट

कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांच्या समाधिदिनानिमित्त आळंदीत जमणारे वारकरी दिंडीच्या आधाराने येतात. परंतु शेजारच्या चाकण-चिंचवडच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्या कित्येक तरुणांचे गाव, कुलदैवत आणि भजनी मंडळ दूर राहिलेले असते. ज्याला परंपरेचा तयार आधार उरला नाही, त्याने श्रद्धेची वाट स्वतःच शोधावी काय? आणि अशी वाट म्हणजे केवळ लहर ठरत नाही काय? या प्रश्नांच्या संदर्भात गुलाबराव महाराजांचे चरित्र मननीय आहे.

६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे एका कुणबी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वर्षाच्या आतच त्यांची दृष्टी गेली आणि बालपणीच आईचे छत्र हरपले. शास्त्राध्ययनाची सर्व दारे बंद असावीत, अशीच ही परिस्थिती होती. त्यांनी गुरू निवडला तो आळंदीचा, सहा शतकांपूर्वी, १२९६ मध्ये समाधिस्थ झालेला. १९०१ मध्ये ज्ञानेश्वरांनी दर्शन देऊन आपणांस मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. श्रीकृष्णाला पती मानून, स्वतः विवाहित पुरुष असूनही, त्यांनी कुंकू आणि मंगळसूत्र धारण केले. लोकदृष्टीला विचित्र वाटणारी ही उपासना त्यांनी उघडपणे केली.

तथापि ही लहर नव्हती. गोपींचा मधुर भाव आणि शंकराचार्यांचा अद्वैत विचार एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी तर्काने मांडले आणि त्या दर्शनाला मधुराद्वैत हे नाव दिले. मराठी, संस्कृत व हिंदी या भाषांत त्यांनी शंभरांहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली. डार्विन, स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. परंतु यातील एकही ग्रंथ त्यांना डोळ्यांनी वाचता आला नाही, की हाताने लिहिता आला नाही. कोणी वाचून दाखवावे, त्यांनी स्मरणात साठवावे. त्यांनी सांगावे आणि कोणी उतरून घ्यावे, असाच हा व्यवहार होता. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ३४ वर्षांचे होते.

वाट एकट्याची, पण तिच्यावरचे ऋण मात्र अनेकांचे, हे या चरित्राचे सार होय. गुलाबरावांनी अनेक ठिकाणांहून घेतले; परंतु जे घेतले त्याचा अभ्यास केला, ज्याच्याकडून घेतले त्याला पिता मानले, आणि त्याची सामाजिक किंमतही स्वतः मोजली. सोयीचे तेवढे उचलून बाकीचे टाकून देणे याला स्वतंत्र मार्ग म्हणता येणार नाही. भाड्याच्या खोलीत कोनाड्यापुढे एकटाच हात जोडणाऱ्या तरुणाची वाट हीन ठरविण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र ती वाट खरी ठरते की नाही, हे शेवटी त्याच्या निष्ठेवर आणि परिश्रमावरच अवलंबून राहील.