साराभाईंचा मूळ प्रश्न

विक्रम साराभाई हे नाव निघाले की थुंबा, अग्निबाण आणि उपग्रह यांचीच आठवण होते. ती स्वाभाविक असली तरी अपुरी आहे. साराभाई मुळात विश्वकिरणांचे अभ्यासक होते, आणि अवकाशाची ओढ त्यांना लागली ती त्याच अभ्यासातून.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका गिरणीमालकाच्या घरी जन्मलेले साराभाई केंब्रिजला शिकत असताना महायुद्ध पेटले. मायदेशी परतून ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. १९४२ साली त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. विश्वकिरणांची तीव्रता काळानुसार कशी पालटते, हा त्याचा विषय. वरवर पाहता शुष्कच! परंतु अवकाशातून येणारे हे वेगवान कण वातावरणावर आदळतात, आणि त्यांपासून उपजलेले दुय्यम कण वडवणीच्या एखाद्या शाळेच्या छपरातूनही, तळहाताएवढ्या जागेत सेकंदाला एकदोन या हिशेबाने, आरपार जात असतात. सूर्याच्या क्षोभानुसार त्यांची संख्या घटते-वाढते. तेव्हा जमिनीवर बसून ती नेटाने मोजत राहिल्यास ग्रहांमधील अवकाशाची वार्ता हाती येईल, हे साराभाईंनी हेरले. १९४७ मध्ये अहमदाबादेत त्यांनी स्थापिलेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत हेच काम पुढे चालले.

१९५८ साली यूजीन पार्कर यांनी सौरवाताची, म्हणजे सूर्यापासून अखंड वाहणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या प्रवाहाची, कल्पना मांडली. हा वारा सर्वत्र एकाच वेगाने वाहत नसेल तर काय घडेल, याचा ऊहापोह साराभाईंनी १९६३ मध्ये केला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. १९६६ मध्ये होमी भाभांच्या अपघाती निधनानंतर अणुशक्ती आयोगाची धुराही त्यांच्यावर आली. या कारभाराने त्यांच्यातील संशोधकाचा वेळ खाल्ला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे ते निवर्तले. वय अवघे ५२.

१९८५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ‘अनुराधा’ हे उपकरण अमेरिकन यानातून अवकाशात गेले. सौरवाताच्या सीमेकडे वेग घेतात असे मानल्या जाणाऱ्या कणांवर विद्युत्भार किती, हे त्याला तपासावयाचे होते. पुढे २५ ऑगस्ट २०१२ रोजी, सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १२१ पट दूर, व्हॉयेजर-१ने ती सीमाच ओलांडली. तेथे आतील कण जवळजवळ लोपले आणि बाहेरच्या विश्वकिरणांचा ओघ एकाएकी वाढला. इतकी वर्षे त्यांतील बहुतेकांना सौरवातच थोपवून धरीत होता. त्याच अडवणुकीच्या खुणा साराभाईंनी जमिनीवरून टिपण्यास आरंभ केला होता.