समुद्रकिनाऱ्यावरचा वाद

आपल्याकडचे लोक चैत्रात पायी जातात त्या सप्तशृंगी गडावर विष्णू भिकाजी गोखले यांनी कस्टमची नोकरी सोडून तपश्चर्या केली. हेच विष्णुबुवा ब्रह्मचारी, जन्म १८२५. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, लोकांच्या गर्दीत, त्यांनी जॉर्ज बोवेन वगैरे मिशनऱ्यांशी वादविवाद केले. बुवा वेदांची बाजू मांडायचे, मिशनरी बायबलची. पुढे त्याचं पुस्तकही निघालं. १८६७ च्या निबंधात तर बुवांनी जमीन, धान्यकोठार सगळ्यांच्या मालकीचं असावं असं मांडलं! १८७१ साली ते वारले.

शाळेत येशूची प्रार्थना आणि घरी शुभंकरोती म्हणत मोठं झालेल्या मला दोघांचंही सगळं पटत नाही. पण समोरासमोर, मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर देणं, हे होस्टेलच्या रात्रीच्या भांडणात आपल्याला जमतं का?