दीडशे वर्षांपुढचे अरण्य पाहणारा वनशास्त्रज्ञ

टोकियोच्या हाराजुकू रेल्वे स्थानकाबाहेर पडल्यावर काही मिनिटांतच महानगराचा कोलाहल मागे पडतो. ‘तोरी’ या भव्य लाकडी कमानीखालून आत गेले की खडीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी वृक्षांची सावली दाटते. सम्राट मेइजी व सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या मेइजी जिंगू या शिंतो देवस्थानाभोवतीचे हे सुमारे ७० हेक्टरांचे वन पाहणाऱ्याला पुराणकालीन वाटते. प्रत्यक्षात ते माणसांनी लावलेले असून त्याचे वय शंभर वर्षांहून थोडेच अधिक आहे. त्याची आखणी करणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. होंडा सेइरोकु.

होंडा यांचा जन्म १८६६ साली आजच्या सायतामा प्रांतातील एका खेड्यात झाला. त्यांचे मूळ आडनाव ओरिहारा. बालपणीच पितृछत्र हरपले आणि शिक्षणाची वाट खडतर झाली. तरीही १८८४ साली त्यांनी टोकियोच्या वनविद्या शाळेत प्रवेश मिळवला. पुढे विवाहानंतर जपानी रिवाजानुसार पत्नीच्या घराण्याचे होंडा हे नाव त्यांनी स्वीकारले. पत्नी सेन्को या जपानमध्ये वैद्यकीय परवाना मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक होत्या. १८९० साली होंडा जर्मनीला गेले. थारांट आणि म्युनिक येथे शिक्षण घेऊन व डॉक्टरेट मिळवून १८९२ मध्ये ते परतले आणि टोकियोच्या कृषी महाविद्यालयात शिकवू लागले.

१९०३ साली खुल्या झालेल्या हिबिया उद्यानाचा आराखडा त्यांचाच. त्याच सुमारास रस्तारुंदीत एक जुना, प्रचंड जिंको वृक्ष तोडला जाणार होता. एवढे मोठे झाड हलवले तर जगणार नाही, असे इतर जाणकारांचे मत होते. होंडा यांनी आपली नोकरी पणाला लावून तो जगवण्याची हमी दिली. पंचवीस दिवस खपून वृक्ष सुमारे ४५० मीटर अंतरावर नेण्यात आला आणि तो जगला. ‘मान पणाला लावलेला जिंको’ याच नावाने तो आजही हिबिया उद्यानात ओळखला जातो.

त्याहून मोठी कसोटी पुढे होती. १९१२ साली सम्राट मेइजी यांचे निधन झाले. त्यांची समाधी क्योतोजवळ झाल्याने राजधानीत त्यांचे देवस्थान व्हावे, अशी टोकियोकरांची मागणी होती. निवडलेल्या योयोगी परिसरात शेते, गवताळ माळ व दलदल यांचाच भरणा होता. देवस्थान म्हणजे उंच सूचिपर्णी वृक्षांचे गंभीर वन, ही रूढ कल्पना. असे वन टोकियोत टिकणार नाही म्हणून होंडा आरंभी या जागेलाच अनुकूल नव्हते. निर्णय झाल्यावर मात्र त्यांनी शिष्य होंगो ताकानोरी आणि उएहारा केइजी यांच्यासह तेथे तगेल अशा वनाचा शोध सुरू केला.

पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांना इसे आणि निक्कोप्रमाणे येथेही सुगी वृक्षांचीच राई हवी होती. होंडा यांनी नकार दिला. आगगाड्या आणि कारखान्यांच्या धुराने सुगी येथे खुरटतील, हे त्यांना ठाऊक होते. निक्को आणि टोकियोतील सुगींच्या खोडांचे छेद घेऊन वाढीतील फरक आकड्यांनिशी दाखवण्यात आला. अखेर पंतप्रधानांनी माघार घेतली.

योजना चार टप्प्यांची, दीडशे वर्षांची होती. प्रारंभी उंच पाइन, त्याखाली इतर सूचिपर्णी वृक्ष आणि त्यांच्या आधाराने ओक, शिई, कापूर हे सदाहरित रुंदपर्णी वृक्ष. कालांतराने या रुंदपर्णी वृक्षांनीच वन व्यापावे आणि स्वतःच्या बियांतून पुढची पिढी घडवावी, हा हेतू. देशभरातून सुमारे एक लाख झाडे भेट आली, सुमारे एक लाख दहा हजार तरुणांनी श्रमदान केले आणि १ नोव्हेंबर १९२० रोजी देवस्थानाची प्रतिष्ठापना झाली. वाटेवरची गळालेली पाने झाडून पुन्हा झाडांच्या मुळाशीच टाकायची, हा नियम आजही पाळला जातो.

होंडा स्वतः उत्पन्नाचा चौथा हिस्सा कटाक्षाने बाजूला टाकत. त्यातून मोठी संपत्ती जमली. पण १९२७ साली निवृत्त होताना तिचा बहुतांश भाग त्यांनी दान केला. १९३० मध्ये आपले चिचिबु येथील वन त्यांनी सायतामा प्रांताला दिले. त्यातून गरजू विद्यार्थ्यांना साह्य मिळावे, ही त्यांची अट होती.

एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात देवस्थानाच्या मुख्य वास्तू जळाल्या. भोवतालचे वन मात्र बहुतांशी बचावले. वास्तूंची पुनर्उभारणी १९५८ साली पूर्ण झाली. ती पाहण्यास होंडा नव्हते. २९ जानेवारी १९५२ रोजी त्यांचे निधन झाले होते.

शताब्दीनिमित्त झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या वनात सुमारे तीन हजार प्रकारचे सजीव आढळले. आखलेल्या कालावधीच्या आधीच हे अरण्य स्वतःच्या बळावर उभे राहिले आहे. ज्या झाडांची पूर्ण वाढ आपल्या हयातीत दिसणार नाही, ती नेमकी कोणती असावीत यासाठी होंडा पंतप्रधानांशी वाद घालायला कचरले नाहीत. टोकियोला लाभलेली ही शांत सावली त्या आग्रहाचे फळ आहे.