हस्तिदंती मनगट बसवणारे डॉ. ग्लुक

मनगटाचा कृत्रिम सांधा निकामी झाला की बहुतेकदा तो काढून मनगट कायमचे जोडून टाकावे लागते. हे सांगितल्यावर मग हात वाकणारच नाही का, असे रुग्ण हमखास विचारतो. वाकणाऱ्या कृत्रिम मनगटाची आशा प्रथम दाखवली ती थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी. ते फसलेलेही त्यांनीच पहिल्यांदा पाहिले.

ग्लुक यांचा जन्म १८५३ चा, आजच्या रुमानियातील यासी शहरातला. वडील डॉक्टर. मुलगा वैद्यक शिकायला जर्मनीत गेला आणि बर्लिनमध्ये लांगेनबेक या नामवंत सर्जनच्या हाताखाली तयार झाला. तुटलेले मज्जातंतू टाके घालून जोडता येतील का, हाडातली तूट परक्या पदार्थाने भरता येईल का, याचे प्रयोग त्यांनी आधी प्राण्यांवर केले.

त्या काळात क्षयाने सांधे सडत. कॉक यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला होता, पण त्यावर औषध नव्हते. सडलेला भाग कापायचा, नाही तर हातपायच काढायचा. मे १८९० मध्ये ग्लुक यांनी १७ वर्षांच्या एका मुलीच्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली आणि काही आठवड्यांतच एका रुग्णाला हस्तिदंती मनगट. सांध्याची टोके हाडाच्या पोकळीत घट्ट बसावीत म्हणून राळ, ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड आणि प्लास्टर यांचा लगदा वापरला. आजच्या बोन सिमेंटमागची कल्पना हीच! एक्स-रेचा शोधही लागायला अजून पाच वर्षे होती, हे लक्षात घ्या.

सुरुवातीला सांधे छान हलले. मग पू वाहू लागला. क्षय हाडात दबा धरून होता आणि परका पदार्थ आत असला की जंतूंना आयता आसरा मिळतो. क्षयाच्या सांध्यात कृत्रिम सांधा बसवू नये, असा निष्कर्ष ग्लुक यांनी स्वतःच काढला. ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली, तेव्हा त्यांचे वरिष्ठ बर्गमान यांनी त्यांना हे काम मांडू दिले नाही. बर्गमान यांची काळजी अनाठायी नव्हती, पण तोंड बंद करणे मला पटत नाही. फसलेली शस्त्रक्रियाही पुढच्या सर्जनला ठाऊक हवी. गंमत म्हणजे त्याच परिषदेत कॉक यांनी क्षयावरच्या उपायाची घोषणा करून टाळ्या घेतल्या आणि तो उपाय, ट्युबरक्युलिन, पुढे कुचकामी ठरला.

आज कृत्रिम मनगट सैल झाले किंवा त्यात जंतुसंसर्ग झाला की तो सांधा काढतात, कमरेच्या हाडाचा तुकडा पोकळीत भरतात आणि कोपरापुढच्या हाडापासून तळहाताच्या हाडापर्यंत पट्टी लावतात. जंतुसंसर्ग असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो. पोकळी मोठी असल्याने हाड जुळायला वेळ लागतो, कधी ते जुळतही नाही. जुळले तर मनगट वरखाली होत नाही, पण बोटे हलतात आणि तळहात उलटा-सुलटा फिरतो, कारण ती फिरकी मनगटाच्या वाकण्यावर अवलंबून नसते. मनगट किंचित मागे झुकलेले ठेवतात, म्हणजे मूठ घट्ट बसते. शौचाला धुणे, अरुंद डब्यात हात घालणे अवघड जाते, हे आधीच सांगायला हवे. पनवेलच्या बांधकामांवर घमेली उचलणाऱ्याला मात्र न दुखणारी पकड वाकण्यापेक्षा मोलाची वाटते.

ग्लुक पुढे बर्लिनच्या मुलांच्या रुग्णालयात सर्जन राहिले. कर्करोगाचे स्वरयंत्र काढताना श्वासनलिका मानेच्या त्वचेला शिवण्याची त्यांची पद्धत रूढ झाली. अन्न-लाळ फुप्फुसात उतरणे त्यामुळे थांबले. १९४२ मध्ये बर्लिनमध्येच ते वारले. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, पुढच्याच वर्षी सापडले.